मागच्या दारावरचा पोचा

आमच्या न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत कुणाच्या घरात काय चाललंय हे कळायच्या दोनच जागा आहेत. एक देवळातला चपलांचा कोपरा आणि दुसरी गुरुनाथचं गॅरेज. चपलांपाशी माणसं घाईत असतात, अर्धंच सांगतात. म्हणून मी दुपारचा गुरुनाथकडे जाऊन बसतो. मुलगा आणि सून आपापल्या लॅपटॉपात बुडालेले असतात. मी घरात नाही हे त्यांना चहाच्या वेळी कळतं.

तर हा गुरुनाथ गाड्यांचे पोचे काढतो. रंग न लावता. म्हणजे काय होतं, दुकानाबाहेर एखादी ढकलगाडी येऊन आदळते, शेजारच्या गाडीचं दार लागतं, गारा पडतात आणि पत्र्याला खळगा पडतो, पण रंग शाबूत राहतो. असा पोचा बॉडी शॉपमध्ये नेला तर ते लोक त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात, घासतात आणि वरून रंग मारतात. गुरुनाथ रंगाला हात लावत नाही. खिडकीच्या फटीतून एक लांब, टोकाला वाकवलेली सळई दाराच्या पोटात सरकवतो आणि पत्र्याला आतून टोचून टोचून, चुचकारत, होता तिथे परत आणतो. समोर एक दिवा लावलेला असतो, त्यावर काळेपांढरे पट्टे. त्या पट्ट्यांचं प्रतिबिंब पत्र्यावर पडतं. पोच्यापाशी पट्टे वाकडे दिसतात. ते सरळ झाले की पोचा गेला. हात जरा जास्त पडला तर खळग्याच्या जागी टेंगूळ येतं. मग ते वरून हलके ठोकून बसवा.

बाकी शिक्षणाने हा इंजिनिअर. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होता. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या ई-मेलवर चारचौघांत मांडायच्या, यात त्याची उमेदीची वर्षं गेली आणि फार सुखात गेली. मग एक दिवस कंपनीने त्यालाच चुकांमध्ये मोजलं. बायको रेणूला इकडे न्यू जर्सीत औषधांच्या कंपनीत चांगली नोकरी मिळाली, त्या नोकरीच्या मागोमाग हाही आला. घरी बसून बसून टेक्सासमधल्या कुणाकडून तरी ही विद्या शिकून आला. तिकडे गारपीट झाली की हा सळयांची पिशवी घेऊन विमानात बसतो. बाकीचे लोक बातम्या बघून हळहळतात आणि याच्या चेहऱ्यावर लग्नघरासारखी कळा येते. रेणूला कुणी विचारलं, नवरा काय करतो, तर ती सांगते, "ऑटोमोटिव्ह सरफेसेसमध्ये आहे." पुढे कुणी विचारू नये म्हणून लगेच मुलांच्या कॉलेजचा विषय काढते.

हात चांगला आहे त्याचा, खोटं कशाला बोलू? पण या माणसाला एक रोग आहे. त्याला दाद लागते. गवय्याला टाळ्या मिळतात, आचाऱ्याला निदान ढेकर तरी ऐकू येतो. याचं काम जितकं सुरेख, तितकं ते दिसत नाही. गाडी नेताना लोक म्हणतात, "इथे खरंच काही होतं का हो?" आणि याचं तोंड पडतं.

एकदा माझ्यासमोर त्याने रेणूला मीटिंगमधून उठवून गॅरेजात आणलं.

"बघ."

"काय बघू?"

"काही दिसतंय?"

"नाही."

"तेच तर!"

"मग मला कशाला बोलावलंस?" असं म्हणून ती निघून गेली. हा बराच वेळ हातातल्या फडक्याची घडी घालत उभा होता. मी म्हटलं, "गुरुनाथ, तू पोचे काढण्याऐवजी पाडायचा धंदा कर. लोक लांबून बघायला येतील." त्यावर दोन दिवस त्याने मला कॉफी दिली नाही.

आता यातली गोम अशी की त्याची निम्मी गिऱ्हाइकं लपूनछपून येणारी. बायको नवऱ्यापासून लपवते, नवरा बायकोपासून, कॉलेजातली पोरं दोघांपासून. गाडी आत आली की शटर खाली. असल्या कामाचं बोलायचं कुणाजवळ? गुरुनाथ ते सगळं पोटात ठेवायचा आणि मग त्याला खरोखरच ॲसिडिटी व्हायची.

मोहन मात्र त्याच्याकडे कधी येणाऱ्यातला नव्हता. मोहन एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. बँकेची जोखीम मोजणं हे त्याचं काम, आणि ते तो घरीही करतो. त्याच्याकडे मिठाचा डबा कुठे ठेवायचा यालाही नियम आहे. त्याची बायको सुनेत्रा पंचवीस वर्षं त्याच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसली. भाजीला जायचं तर मोहनला विचार, दाताच्या डॉक्टरकडे जायचं तर मोहनचं कॅलेंडर बघ. आमच्याकडे रस्त्याला फुटपाथ नाहीत, बस कुठून सुटते ते बसवाल्यालाही माहीत नसावं. मुलगा नकुल कॉलेजला गेला तेव्हा बाई जिद्दीने गाडी शिकली. टेस्टमध्ये दोनदा नापास झाली. मोहनने ते दर पार्टीत अभिनय करून दाखवलं, तिसऱ्यांदा पास झाली ते नाही दाखवलं. मग तिने डेन्व्हिलला एका डे-केअरमध्ये नोकरी धरली. सकाळी सातला हजर व्हायचं. पगार काही विशेष नसेल, पण ती जायला लागल्यापासून तिचा आवाज वाढला होता हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. पूर्वी तिला काही विचारलं की ती आधी मोहनकडे बघायची.

जूनमध्ये मोहनने तिची जुनी गाडी विकून गडद निळी नवी गाडी घेतली आणि ती सुनेत्राला चालवायला दिली. दिली म्हणजे कशी? देवळाच्या पार्किंगमध्ये, पूजेच्या आधी, आम्हा सगळ्यांसमोर किल्ली उंच धरून म्हणाला, "हे बघ, पहिला ओरखडा पडला की किल्ली परत माझ्याकडे. मान्य?"

"मान्य," सुनेत्रा म्हणाली. सगळे हसले. थट्टाच वाटली.

ती थट्टा नव्हती. जुन्या गाडीपासूनच दर रविवारी सकाळी चहाचा कप आणि टॉर्च घेऊन मोहन गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो. वर त्याने एक मशीन आणलंय, अंड्याएवढं. ते पत्र्याला टेकवलं की रंगाचा थर किती जाड आहे ते सांगतं. म्हणजे गुपचूप बॉडी शॉपमध्ये नेऊन रंग मारून आणाल, तर पकडले जाल. अशी मशीनं जुन्या गाड्या घेणारे लोक वापरतात. हा बायकोवर, म्हणजे नव्या गाडीवर वापरतो.

पूजेचंही सांगितलं पाहिजे. भटजींनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, दारांवरून झेंडूच्या लांब माळा सोडल्या. नारळ मोहनच्या हातात दिला आणि सांगितलं, "हळू. समोर जमिनीवर." पण आमचा राजेश तिथे होता. राजेश मराठी मंडळाच्या क्रिकेट सामन्यांत माइकवर बसून बडबड करतो, आणि माइक नसला तरी करतो. तो ओरडला, "आणि पॅव्हेलियन एंडकडून येत आहे मोहन!" झालं. मोहनने चार पावलं धावत येऊन गाडीच्या बाजूला डांबरावर नारळ असा हाणला की पाणी माझ्या चष्म्यावर उडालं. एक भकल भटजींच्या पायाशी गेलं, दुसरं कुठेतरी 'टण्' करून गाडीखाली. प्रसादाला अर्धाच नारळ मिळाला म्हणून बायका वाकून शोधत होत्या. त्या आवाजाकडे कुणी लक्ष दिलं नाही. तोवर पेढे आले होते.

दुसऱ्या दिवशी मोहन कामाला डॅलसला गेला. सोमवारी दुपारी ती निळी गाडी ड्राइव्हवेवर न थांबता थेट गुरुनाथच्या गॅरेजात घुसली. सुनेत्रा उतरली ती शटरचं बटण शोधतच. शटर खाली आल्यावर तिला मी दिसलो.

"काका, तुम्ही इथे?"

"मी इथलं फर्निचर आहे. बोल तू."

तिने नुसतं बोट दाखवलं. मागचं दार, ड्रायव्हरच्या बाजूचं. मला काहीच दिसलं नाही. गुरुनाथने पट्ट्यांचा दिवा जवळ नेला आणि पट्टे असे गपकन वाकले, की मलाही दिसलं.

"डे-केअरच्या पार्किंगमध्ये ऊन तिरपं आलं तेव्हा दिसला," ती म्हणाली. "कुणीतरी दार आपटलं असणार. मी दोन लाइनींच्या अगदी मधोमध लावली होती हो. खरंच. तो शुक्रवारी येतोय. रविवारी टॉर्च घेऊन... गुरुनाथ, किल्ली गेली तर माझी नोकरी गेली. मला पुन्हा त्याच्या शेजारी बसायचं नाहीये."

गुरुनाथ ऐकतच नव्हता. तो गुडघ्यांवर बसला होता आणि पोच्याकडे असा बघत होता, जसं लहानपणी आपण हलवायाच्या काचेतून बघायचो.

"वहिनी, हा दाराचा पोचा नाही," तो म्हणाला.

"मग?"

"दार लागलं तर उभी रेघ पडते. ही बघा, चंद्रकोर आहे. इथे कड लागली, इथे पोट." मग त्याने दाराखालच्या रबरात नख घातलं आणि एक तपकिरी केस बाहेर काढला. काथ्या. नाकाशी नेऊन वास घेतला. "नारळ."

मी इतका हसलो की खुर्ची करकरली. "अगं, म्हणजे हा मोहनचाच पराक्रम! सुटलीस तू. आता त्याच्यासमोर तोच काथ्या धर."

सुनेत्रा हसली नाही. "काका, हे माझ्या हातून झालं असतं तर किल्ली वर्षभर गेली असती. त्याच्या हातून झालं हे बाहेर आलं तर कायमची जाईल."

"असं कसं? चूक त्याची आणि..."

"म्हणूनच," ती म्हणाली.



गुरुनाथने सवयीने फोन काढून पोच्याचा फोटो घेतला. तिने तो फोटो तिथेच पुसायला लावला आणि फोनच्या पुसलेल्या फोटोंतूनही पुसायला लावला. "कुणालाही नाही सांगायचं. रेणूलासुद्धा नाही. तुम्हीपण, काका."

"माझी बदनामी आहे फार," मी म्हटलं, "पण बाईच्या पोटावर पाय येईल असं मी बोलत नाही."

गुरुनाथने तोवर खिडकीत पाचर मारली होती आणि सळई आत सोडली होती.

त्या दुपारी त्याने जे काम केलं ते मी सांगू शकणार नाही, कारण दिसण्यासारखं त्यात काही नव्हतं. एक माणूस श्वास रोखून मनगट कणभर फिरवतो, पट्ट्यांकडे बघतो, पुन्हा फिरवतो. दाराच्या कडेला पत्रा ताठ असतो, तिथे रंग तडकला तर सगळं संपलं. त्याने त्या जागेला आधी गरम हवा दिली, हाताच्या उलट्या बाजूने ऊब बघितली, बाळाच्या दुधाची बघतात तशी. सुनेत्रा भिंतीला टेकून उभी होती. शेवटी पट्टे आखल्यासारखे सरळ झाले. गुरुनाथ उठला. त्याचे गुडघे वाजले. त्याने दिवा फिरवून फिरवून तिला दाखवला आणि वाट बघत उभा राहिला.

"दिसत नाही ना? बास," ती म्हणाली, घड्याळ बघून त्याच्या हातात कॅश ठेवली आणि शटर वर जाण्याच्या आत गाडी सुरू केली. डे-केअरमध्ये कुणाकुणाच्या मुलांना न्यायला आईबाप यायची वेळ झाली होती.

"बास म्हणाली," गुरुनाथ म्हणाला.

"मग काय गाणं म्हणायला हवं होतं?"

"अहो काका, आयुष्यात असा पोचा एकदा निघतो. आणि बास!"

रविवारी सकाळी मी मुद्दाम मोहनच्या गल्लीत फिरायला गेलो. म्हाताऱ्या माणसाला कुणी विचारत नाही कुठे निघालात म्हणून. मोहनची प्रदक्षिणा चालू होती. टॉर्च, मशीन, टॉर्च, मशीन. मागच्या दारापाशी तो वाकला. स्वयंपाकघराच्या खिडकीत सुनेत्राने मिक्सर लावला, झाकण धरून उभी राहिली, आणि मोहन पुढच्या दाराकडे जाईपर्यंत तो बंद केला नाही. चटणीचं काय पीठ झालं असेल ते असो. मोहनने मला हात केला. "काका, पर्फेक्ट आहे गाडी!"

म्हणजे बाई वाचली. गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण गुरुनाथ झुरायला लागला. त्या दाराच्या प्रेमात पडला म्हणा ना. डे-केअरच्या बाजूला काही काम नसताना जायचा आणि पार्किंगमध्ये उतरून दार बघून यायचा. माझ्यापाशी विषय काढायचा: "काका, त्या कडेपाशी मी किती जोर लावला असेल, सांगा." मी म्हणायचो, "बायकोच्या कानात सांगून मोकळा हो, मी काही ऐकलं नाही." तो म्हणायचा, "रेणूला काय कळतंय त्यातलं?" आता त्याला दाद हवी होती ती कळणाऱ्याची. आणि अख्ख्या पार्सिपनीत त्या दाराकडे त्याच्याइतकं निरखून बघणारा दुसरा एकच माणूस होता. मोहन.

दसऱ्याला मंडळाने शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. आपट्याची पानं इथे कुठली, आम्ही मेपलची पिवळी पानं सोनं म्हणून वाटतो. ती खिशात चुरगळतात आणि पुढच्या धुण्यात सापडतात. जेवणं झाली. पार्किंगमध्ये गाड्यांना झेंडू लावले होते. सुनेत्रा एका टेबलापाशी उभी राहून मोठ्या पातेल्यातला मठ्ठा वाटत होती आणि मोहन रेशमी कुडत्यात आपल्या गाडीपाशी उभा होता, जणू ती त्यानेच जन्माला घातली.

"काय गुरुनाथ," तो म्हणाला, "धंदा कसा काय? माझ्याकडून काही आशा ठेवू नकोस हं. चार महिने झाले, एक ओरखडा नाही."

"पण चालवतात वहिनी ना?" राजेशने मठ्ठ्याचा घोट घेत विचारलं.

"चालवते ती. पण धाक कुणाचा आहे?"

सगळे हसले. सुनेत्रानेही हसल्यासारखं केलं आणि पुढचा ग्लास भरला.

मोहनला जोर चढला. त्याने गाडीतून ते अंड्याएवढं मशीन काढलं आणि एकेका दाराला टेकवत कॉमेंट्री सुरू केली. "बघा. सेम. सेम. हे मागचं दार, सेम. याला म्हणतात फॅक्टरी फिनिश. गुरुनाथ, तू तर एक्स्पर्ट. दाखव ना, कुठे बोट ठेवायला जागा आहे का. नाहीतर असं कर, असा पत्रा तू एकदा करून दाखव. जमेल तुला? सळया घालून?"

मी गुरुनाथचे कान बघत होतो. ते कुंकवासारखे झाले होते. सुनेत्राच्या हातातली पळी पातेल्याच्या वर थांबली होती. तिने त्याच्याकडे बघितलं. मी आयुष्यात पुष्कळ नजरा बघितल्यात, याहून स्पष्ट शब्दांत 'नको' म्हणणारी बघितली नाही.

"जमेल का म्हणजे?" गुरुनाथ म्हणाला. "हे दार माझंच आहे."

"काय?"

"फॅक्टरीचं नाही, माझं! जूनमध्ये इथे वाटीएवढा पोचा होता. फिरव ना तुझं मशीन. फिरव. टॉर्च लाव. दिसतो?"

मोहन रेशमी कुडत्यासकट गुडघ्यांवर बसला. मशीन फिरवलं, तळवा फिरवला, गाल पत्र्याला टेकवून एका डोळ्याने बघितलं. "नाही दिसत," तो म्हणाला.

"नाही ना दिसत!" गुरुनाथ आमच्याकडे वळला. लोक पुढे सरकले. कुणी "वाव" म्हणालं, कुणी "अनबिलीव्हेबल यार" म्हणालं, आणि मागून कुणीतरी चक्क टाळ्या वाजवल्या. लोकांनी फोन काढले. त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याच्या लग्नाच्या फोटोतही नाही. तो फोटो मी बघितलाय.

मोहन उठला. गुडघे झटकले.

"सुनेत्रा, कुठे आपटलीस?"

तेव्हा कुठे गुरुनाथला जाग आली. पण हा उपकार करायला गेला तोही आपल्या पोच्याची तारीफ करतच. "अरे तिने नाही! पोचा बघायला हवा होतास, चंद्रकोर होती अशी, रबरात काथ्या! नारळ होता तो, मोहन. पूजेचा. तुझाच!"

राजेशने हात आडवा केला. "नो बॉल! मोहन, नो बॉल!"

काय हसले लोक! सगळ्यांना तो रनअप आठवला, तो 'टण्' आठवला. एकाने तर धावत येऊन नारळ टाकून दाखवला. मी हसलो नाही असं म्हणणार नाही. मोहनही हसला, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ हसला, बाकीच्यांचं हसू संपलं तरी हसत होता. आणि हसता हसताच त्याने हात पुढे केला.

"किल्ली दे."

"मोहन, घरी बोलू," सुनेत्रा म्हणाली.

"किल्ली."

"अरे, पण नारळ तर तूच..." राजेश म्हणाला.

"नारळाचं काय घेऊन बसलास? नारळ कुणाच्याही हातून लागतो. लपवलं कुणी? चार महिने माझ्यासमोर चहा घेऊन उभी राहते आणि मनात हे? आज पोचा लपवला, उद्या ॲक्सिडेंट लपवेल." त्याने आजूबाजूला बघितलं. "चूक बोलतोय का मी?"

आणि गंमत बघा, दोघाचौघांनी माना डोलावल्या. बायकांनीसुद्धा. एकजण तर म्हणाली, "खरंय, सांगायला हवं होतं हो."

सुनेत्राने पळी खाली ठेवली, हात पुसले, पर्स उघडली. किल्लीला पितळेचा छोटा गणपती होता, डे-केअरमधल्या एका पोराच्या आजीने दिलेला. तो काढायला तिला वेळ लागला. नख तुटलं बहुतेक. गणपती पर्समध्ये टाकला आणि किल्ली मोहनच्या तळव्यावर ठेवली. मग गुरुनाथसमोर येऊन उभी राहिली.

"काम फार सुंदर केलं होतंत," ती म्हणाली. "तेव्हा सांगायचं राहून गेलं."

"थँक यू," गुरुनाथ म्हणाला. मनापासून म्हणाला.

मोहन तिला आठवडाभर डे-केअरला सोडत होता. "मी आहे ना सोडायला, गाडी कशाला हवी?" असं सगळ्यांना सांगायचा. पण बँकेचे फोन सकाळी सुरू होतात, आणि पोरांना सातला दार उघडणारं माणूस लागतं. तिला तीनदा उशीर झाला आणि चौथ्यांदा डे-केअरच्या बाईने फार गोड शब्दांत समजावलं. आता सुनेत्रा घरी असते. काही विचारलं की आधी मोहनकडे बघते. राइड मागवून फिर म्हणून नकुलने फोनवरून सांगितलं, "मॉम, इट्स नॉट अ बिग डील." मोहनने त्यालाही नियम केला असणार.

गुरुनाथच्या गॅरेजचं शटर आता उघडंच असतं, कारण लपवायला कुणी येत नाही. आपल्याकडच्या बायकांनी आणि बायकांना भिणाऱ्या नवऱ्यांनी आपले पोचे डोव्हरच्या एका माणसाकडे न्यायला सुरुवात केली. त्याचा हात बरा नाही म्हणतात, टेंगळं ठेवतो. पण त्याला मराठीचं अक्षर येत नाही, एवढ्यावर त्याचं भागतं. गुरुनाथ गारांची वाट बघतो आणि मला कॉफी करून देतो. पुष्कळ कॉफी.

मात्र तो दुःखी आहे असं समजू नका. मोहनने तो नारळ मोठ्या मनाने गिळला. चारचौघांत हसं झालं ना, मग त्याने ते हसंच आपलं करून टाकलं. आता त्याच्याकडे पार्टी असली की जेवणाआधी पाहुण्यांना गॅरेजात नेतात. निळ्या गाडीवर खोळ असते, ती मोहन स्वतः काढतो. मग खेळ: नारळ कुठे लागला होता ते ओळखा. टॉर्च हातोहात फिरतो. लोक वाकतात, तळवे फिरवतात, चुकतात. गुरुनाथला मुद्दाम बोलावलेलं असतं. तो कोपऱ्यात हातांची घडी घालून उभा राहतो आणि दर "छे, अशक्य आहे!" गणिक थोडा उंच होतो. आम्ही सगळे जातो. वडे फार चांगले असतात.

परवा असाच खेळ चालला होता. सुनेत्रा चहाचा ट्रे घेऊन आत आली. गाडीला धक्का लागू नये म्हणून भिंतीला घासत, आडवी होऊन चालत होती. राजेश वाकून वाकून कंटाळला होता.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा ना, नक्की कुठे?"

तिने ट्रे एका हातावर घेतला आणि गाडीकडे न बघता दारावर बोट टेकवलं.

"इथे."

"अर्धा इंच डावीकडे," गुरुनाथ म्हणाला.

"चहा गार होतोय," सुनेत्रा म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

मोहनने खिशातून मऊ फडकं काढलं, दारावर श्वास सोडला आणि तिच्या बोटाचा ठसा पुसून टाकला.